एचआयव्ही आणि परदेशप्रवास: तिकिटाआधीची तयारी

फिरायला चाललायत की राहायला? ‘एचआयव्ही असेल तर अमक्या देशात चालतं का हो?’ असं कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते. कायदा बहुतेक ठिकाणी इथेच बदलतो. सिंगापूरने थोड्या दिवसांच्या पाहुण्यांवरची बंदी 2015 मध्ये उठवली, पण कामाच्या परवान्यासाठी चाचणी आहेच. अमिरातीत राहण्याचा परवाना हवा तर रक्त द्यावं लागतं आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की परत पाठवतात. तिथे तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, शून्याच्या जवळ असला तरी कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियात सरसकट बंदी नाही, पण दीर्घ मुक्कामाच्या अर्जात उपचारांचा खर्च मोजतात. तिथे जाणकार वकील गाठलेला बरा.

म्हणून आहे ती नोकरी सोडण्याआधी चौकशी करा. नेटवरच्या मजकुराची तारीख बघा. अमेरिकेची बंदी जानेवारी 2010 मध्ये उठली, तरी ‘अमेरिकेत घेत नाहीत’ असं सांगणारे अजून भेटतात. वकिलातीला फोन करताना नाव सांगायची गरज नाही. ‘चाचणी लागते का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘पॉझिटिव्ह आली तर पुढे काय?’ हेही विचारा. खरी गोम तिथेच असते.

फॉर्मवर खोटं लिहू नका. न विचारलेलं आपणहून सांगूही नका.

आता गोळ्या. 1989 मध्ये हान्स पॉल व्हर्होफ हा डच माणूस एड्स परिषदेला निघाला होता. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या विमानतळावर त्याच्या सामानात एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध सापडलं आणि त्याला अटकेत ठेवलं. तेव्हापासून काही जण औषधं लपवतात, नाहीतर घरीच ठेवून जातात. डोस बुडवणं हा सगळ्यात वाईट उपाय. गोळ्या मूळ डबीत, लेबलासकट, हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनची बॅग हरवते. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या: पासपोर्टवरचं नाव, औषधांची जेनेरिक (कंपनीची नव्हे, मूळ औषधाची) नावं, रोजचा डोस, आणि ‘दीर्घकालीन आजारासाठी स्वतःच्या वापराकरिता’ एवढंच. आजाराचं नाव लिहायचा आग्रह नको. काही देशांत औषध नेण्याची परवानगी आधी काढावी लागते, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

मुक्कामापेक्षा दोनेक आठवड्यांच्या गोळ्या जास्त घ्या. घड्याळ बदलल्यावर गोळीची वेळ कशी सरकवायची, ते डॉक्टरांकडून पत्राच्या मागेच लिहून घ्या.