मित्रांसोबत डोंगरी नदीत कयाकिंग: दिवसाची आखणी आणि पाण्यातील शिस्त

खळाळत्या नदीत कयाक, म्हणजे आत बसून वल्हवायची अरुंद नाव, घालायचे ठरले की चर्चा बहुधा नाव आणि वल्हे यांपासून सुरू होते. खरे तर गटातील सर्वांत नवख्या माणसाला कोणते पाणी झेपेल, हे आधी ठरवायला हवे. नद्यांच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय श्रेणी १ ते ६ अशी असते. दुसऱ्या श्रेणीत वाट सरळ आणि मोकळी दिसते; तिसरीत लाटा वेड्यावाकड्या येतात आणि नाव नेमक्या जागी वळवावी लागते; पाचवीत झालेली चूक जिवावर बेतू शकते. उलटलेली नाव वल्ह्याच्या आणि कमरेच्या हिसक्याने सरळ करणे, म्हणजे रोल, ज्याला खात्रीने जमत नाही, त्याला दुसऱ्या श्रेणीच्या पुढे नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ही श्रेणी पाण्याबरोबर बदलते. प्रवाह सेकंदाला २० घनमीटर असेल, तर दर सेकंदाला २० टन पाणी तुमच्या शेजारून जात असते. आणि वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. हिमनदीतून येणाऱ्या प्रवाहात उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पातळी चढते, म्हणून अशा नदीवर सकाळीच उतरावे. वर धरण असल्यास पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. उतरण्याच्या जागी पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि तयारी होईपर्यंत त्याच्याकडे लक्ष द्यावे. तो बुडू लागला, पाणी गढूळ झाले किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या, तर तो दिवस काठावर काढणे उत्तम.

गटात किमान तीन जण असावेत, म्हणजे एक अडकला तर दुसरा त्याच्याजवळ थांबू शकतो आणि तिसरा मदत आणायला जाऊ शकतो. नदी ओळखणारा पुढे आणि दुसरा अनुभवी माणूस सर्वांत मागे असावा, नवख्यांनी मधे राहावे. खुणा काठावरच ठरवून सर्वांकडून एकदा करून घ्याव्यात: वल्हे उभे धरले की पुढे या, आडवे धरले की थांबा, शिट्टी एकदा वाजली की लक्ष द्या, तीनदा वाजली की संकट. खळाळाच्या आवाजात आरोळी दहा हातांवरही पोहोचत नाही.

हेल्मेट, शिट्टी आणि प्रत्येक अनुभवी माणसाजवळ १५ ते २० मीटर दोरीची थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी), एवढे हवेच. लाइफ जॅकेट घालून झाल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून मित्राला वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर बाजूचे पट्टे अजून आवळायला हवेत. कपडे उन्हाकडे पाहून नव्हे तर पाण्यात हात घालून ठरवावेत, कारण पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने खेचून घेते. सुती कपडे तर मुळीच नकोत.

सर्वांत जास्त लक्ष स्प्रे स्कर्टकडे द्यावे. कमरेभोवती बसून नावेचे तोंड बंद करणाऱ्या या झाकणाला पुढे एक पट्टी असते, आणि घाईत ती आत दुमडली जाते. मी दरवेळी काठ सोडण्याआधी डोळे मिटून ती पट्टी हाताने चाचपतो, कारण उलट्या नावेत ती शोधावी लागते तीही न पाहताच. नाव उलटली आणि रोल फसला, तर छाती पुढे टेकवावी, पट्टी पुढे ढकलून ओढावी, हात कमरेजवळ नावेच्या कडांवर रोवावेत आणि नाव विजार काढल्यासारखी पायांवरून पुढे सारावी. हा सराव आधी साचलेल्या पाण्यात झालेला असावा.

नदीत शिकण्यासारखे पहिले कसब थांबण्याचे आहे. मोठ्या खडकामागे पाणी उलटे, वरच्या दिशेने फिरते. त्या निवाऱ्याला एडी म्हणतात. तिच्यात शिरताना सीमारेषा खडकाच्या अगदी मागे, तिरकी आणि वेगाने ओलांडावी आणि सायकल वळवताना कलतो तसे वळणाच्या आतल्या बाजूला कलावे. बाहेर पडतानाही हाच नियम असतो: नावेची प्रवाहाकडची कड उचललेली राहावी, नाहीतर पाणी त्या कडेवर चढते आणि क्षणात नाव उलटते. पुढची एडी दिसल्याशिवाय हातातली सोडू नये.

पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षराचे टोक खालच्या दिशेला असेल, तर ती बहुधा मोकळी वाट असते. टोक वर, तुमच्याकडे असेल, तर तिथे खडक दडलेला असतो. पुढची नदी अचानक आडव्या रेषेत संपल्यासारखी दिसली, की काठाला लागून चालत जाऊन पाहावे. पाण्यात पडलेले झाड आणि नदीच्या पूर्ण रुंदीचा बुटका बंधारा यांच्या वाटेला जाऊच नये: झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो, बंधाऱ्याखालचे पाणी माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढत राहते. तिथे नावा खांद्यावर घेऊन काठाने जाण्यात कोणताही कमीपणा नाही. नाव खडकावर आडवी आदळू लागली, तर खडकाकडेच झुकावे. मन मात्र उलट दिशेला ओढते, आणि तिथेच नवखे उलटतात.

पाण्यात पडल्यास उताणे व्हावे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाऊल दगडांच्या फटीत अडकते आणि मागचे पाणी धड पुढे दाबते. दोरी फेकणाऱ्याने आधी हाक मारून नजर मिळवावी. पकडणाऱ्याने ती खांद्यावरून घेऊन छातीशी धरावी, हाताला कधीही गुंडाळू नये. आधी माणूस, नंतर नाव, वल्हे सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

सकाळी एक गाडी नदी संपवण्याच्या जागी नेऊन ठेवावी लागते, आणि तिची किल्ली गटासोबत खाली यायला हवी. आम्ही एकदा कुडकुडत तिथे पोहोचलो, तेव्हा किल्ली वरच्या गाडीतल्या कोरड्या विजारीच्या खिशात होती. तेव्हापासून ती जलरोधक पिशवीत, नावेच्या आतल्या कडीला बांधलेली असते, आणि काठ सोडण्याआधी कोणीतरी मोठ्याने विचारतो: किल्ली कोणाकडे आहे?