सेफ्टी कार आली की शिव्या घालायच्या आधी काय बघायचं

फॉर्म्युला वनमध्ये सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी, तिच्या मागे ओव्हरटेक बंद) निघाली रे निघाली की ग्रुपवर 'सगळं फिक्स आहे' सुरू. जरा थांबा, निर्णय बरोबर की चूक हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं.

आधी गाडी कुठे अडकलीय ते बघा, किती जोरात आपटली ते नंतर. चटकन ढकलून बाजूला घेता आली तर पिवळ्या झेंड्यांवर (पुढे धोका आहे, हळू जा असा इशारा) भागतं. थोडंसंच काम असेल तर व्हर्च्युअल सेफ्टी कार, म्हणजे सगळे ठरलेल्या स्पीडने हळू आणि मधलं अंतर साधारण तेवढंच. पण मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभे असलेले मदतनीस) ट्रॅकवर उतरणार किंवा क्रेन येणार असेल तर खरी सेफ्टी कार, कारण गाड्या एका घोळक्यात आल्या की मधे माणसांना काम करायला मोकळा वेळ मिळतो. ट्रॅकच अडला किंवा बॅरियर तुटलं तर लाल झेंडा, म्हणजे रेसच थांबवतात.

क्रेनचं एवढं का, तर जपानमधली सुझुकाची रेस, 2014. भर पावसात नुसत्या डबल पिवळ्या झेंड्यांवर सुटिल या ड्रायव्हरची गाडी उचलत होते आणि दुसरा ड्रायव्हर ज्यूल्स बियांची घसरून थेट त्या क्रेनवर गेला, पुढच्या वर्षी तो वारला. व्हर्च्युअल सेफ्टी कार त्यानंतरच, 2015 ला आली.

दुसरं म्हणजे सेफ्टी कार आत कधी जाते. तिचे केशरी दिवे विझले की त्याच लॅपला आत. त्याआधी एक लॅप मागे पडलेल्या गाड्यांना पुढे सोडलं का, आणि सगळ्यांना सोडलं का, हे बघा. अबू धाबी 2021 चा सगळा राडा इथेच आहे. लतिफी नावाचा ड्रायव्हर आपटला, सेफ्टी कार आली, त्यात काहीच चूक नव्हती. पण रेस डायरेक्टर मायकल मासीने पहिल्या नंबरवरचा हॅमिल्टन आणि त्याच्या मागचा व्हर्स्टापेन यांच्या मधल्या फक्त पाच गाड्या सोडल्या आणि नियमाप्रमाणे अजून एक लॅप थांबायचं सोडून लगेच रेस सुरू केली, शेवटच्या लॅपला हॅमिल्टनला मागे टाकून व्हर्स्टापेन चॅम्पियन. हॅमिल्टनच्या टीमची, म्हणजे मर्सिडीजची तक्रार स्ट्युअर्डनी फेटाळली (स्ट्युअर्ड वेगळे बरं का, ते पेनल्टी आणि तक्रारी बघतात, सेफ्टी कार रेस डायरेक्टरच्या हातात), तरी 2022 च्या सीझनआधी मासीला त्या जागेवरून काढलंच.

आणि रेस सेफ्टी कारच्या मागे संपली म्हणून लगेच चिडू नका. इटलीतल्या मॉन्झाला 2022 मध्ये रिकार्डो या ड्रायव्हरची गाडी गिअरमध्येच अडकली, ढकलता येईना, क्रेन आणावी लागली, लोकांनी हुर्यो उडवली. सेफ्टी कारने लीडरऐवजी तिसऱ्या नंबरच्या रसेलला पकडलं त्यात वेळ गेला, त्यावर खुशाल बोला, पण क्रेन ट्रॅकवर असताना रेस सोडली नाही हे बरोबरच होतं.