शिवणवर्ग आणि अक्षरओळख एकत्र धरताना: तयारीची यादी

आधी हंगाम बघा. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे रोपलावणीच्या दिवसांत वर्ग उघडलात तर चिटपाखरूही फिरकणार नाही. भाताची सुगी, मळणी उरकल्यावर, डिसेंबर ते एप्रिल हा काळ बरा. चिकोडीकडे नेमकी तेव्हाच ऊसतोड असते, म्हणून तिथे वेळ संध्याकाळची. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांचा माल कधी जमा होतो ते विचारून मगच घड्याळ ठरवा.

बारा जणींना चार पायमशिनी. एक शिवते, दुसरी कापडावर खडूने खुणा करते, तिसरी वही घेऊन बसते, आणि वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. एका मशिनीमागे पाच जणी झाल्या की वाट बघण्यातच वर्ग संपतो आणि गळती लागते. दर मशिनीला १४ नंबरच्या दहा सुया, १६ च्या पाच, पाच बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं), तेल, पेचकस आणि पक्कड. पक्कड लोक विसरतात. चामडी पट्टा ओलसर हवेत सैल पडतो, खालचं चाक फिरतं आणि वरचं नुसतं बघत बसतं. तेव्हा पट्ट्याचा थोडा तुकडा कापून त्याची टोकं पक्कडीने तारेत पुन्हा जोडावी लागतात. मांजरपाट माणशी दोन मीटर, जुनी वर्तमानपत्रं, कागदाची कातर वेगळी. टेप स्टीलच्या पट्टीवर ताडून घ्या, स्वस्तातला टेप ताणला जातो.

चष्मे मात्र आठवणीने आणा. मशीन एखादी कमी असली तरी चालेल. ‘आता या वयात काय डोंबल येणार’ म्हणणाऱ्या मावशींना पुष्कळदा सुईचं नेढं आणि वहीची ओळ दोन्ही दिसत नसतात. जवळचं बघायचे तयार चष्मे १.५, २ आणि २.५ नंबरचे, दोन-दोन ठेवा. चष्मा लावून दोरा ओवायला द्या. ओवला गेला की नंबर जमला. लांबचंही पुसट दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

पहिले दोन दिवस दोरा नको. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर ठेवून नुसता पाय चालवायचा, कारण चाक उलटं गेलं की दोरा तुटतो. मग जुनी सुई लावून वहीच्या रेघी कागदावर शिवायचं. कागदाने सुई बोथट होते, नवी वाया घालवू नका. खाली गुंता झाला की बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो. टाके सुटले तर सुई उलटी किंवा वाकडी आहे का ते बघा.

अक्षरांना बाराखडीपासून सुरुवात करू नका. माप, गळा, बाही, काज हे शब्द मोठ्या पाट्यांवर लिहा, त्यातली अक्षरं सुटी करा, नवे शब्द जुळवा. आकडे आधी इंग्रजी, कारण टेपवर आणि मोबाईलवर तेच असतात. पाव, अर्धा, पाऊण कागदाची घडी घालून दाखवा. विडीवाल्या अक्कांना हिशोब शिकवायची गरज नसते. पंचवीस विड्यांचे चाळीस कट्टे म्हणजे हजार विड्या हे त्या झोपेतही सांगतील, त्यांना फक्त ते कागदावर मांडायला शिकवा. बसची पाटी कानडीत असते, तेव्हा प्रत्येकीचं आणि तिच्या गावाचं नाव कानडी लिपीत लिहिलेलं एक कार्ड हवंच.

सही आली म्हणून थांबू नका, नुसती सही येणाऱ्या बाईकडून कशावरही सही घेता येते. बचत गटाच्या पासबुकाच्या कोऱ्या पानाच्या बारा झेरॉक्स सरावाला काढून ठेवा: तारीख, जमा, नावे, शिल्लक.