देश बदलण्याआधी जीवनमानाची तुलना करताय? या चुका टाळा

परदेशातली नोकरी चालून आली की पहिलं काम होतं ते पगाराला विनिमय दराने गुणण्याचं. आकडा डोळे दिपवतो आणि पुढची सगळी चौकशी त्या आकड्याला दुजोरा शोधण्यात जाते. खरं तर कागदावर मांडायचं असतं आपल्याच घराचं एक वर्ष, दोन ठरावीक शहरांत.

क्रमवारी वाचून देश ठरवणं

प्रत्येक निर्देशांक एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. १९९० पासून निघणारा मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न या तीनच गोष्टी पाहतो, त्याही देशाच्या सरासरीने. जागतिक आनंद अहवालात लोक स्वतःच्या आयुष्याला ० ते १० गुण देतात आणि तीन वर्षांची सरासरी छापली जाते. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'च्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत स्थैर्याला २५ टक्के, आरोग्यसेवेला २० टक्के, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के वजन असतं. यात महागाई कुठेच नाही. पहिल्या पाचांत आलेल्या शहरात तुम्हाला घरभाडं झेपेल की नाही, हे ती यादी सांगूच शकत नाही.

'नंबिओ' या शहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर न्यूयॉर्क म्हणजे १०० धरून खर्चाचे आकडे दिलेले असतात. पण तिथल्या राहणीमान-खर्चाच्या निर्देशांकात घरभाडं धरलेलं नसतं, त्याचा आकडा वेगळा असतो. शिवाय हे आकडे मुख्यतः वापरकर्त्यांनी भरलेले असतात. लहान शहरासाठी मोजक्याच लोकांनी माहिती दिली असेल, तर तो आकडा अंदाजापलीकडे धरू नका.

विनिमय दर कुठे लावायचा, ते न कळणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ज्या पैशाने तिथेच भाडं, किराणा, तिकीट भागवायचं आहे, त्याला बाजारातला विनिमय दर लावणं चूक. तिथे क्रयशक्ती समानता पाहायची, म्हणजे त्याच वस्तू आणि सेवा घ्यायला दोन्ही देशांत किती पैसे लागतात त्यावरून काढलेला दर. जो पैसा मायदेशी पाठवायचा आहे किंवा जुन्या कर्जाच्या हप्त्यात जाणार आहे, त्याला मात्र बाजारातलाच दर लागतो. आणि क्रयशक्तीचा आकडा अख्ख्या देशाचा असतो. महागड्या राजधानीत राहायचं असेल, तर तो फसवतो.

एक नमुना हिशेब पाहा. सोयीसाठी दोन्हीकडचे आकडे एकाच चलनात, बाजारभावाने मांडले आहेत. 'अ' शहरात वार्षिक पगार ६०,००० आणि कर आणि सामाजिक सुरक्षेच्या (पेन्शन, विमा वगैरे) वर्गण्यांची कपात ३६ टक्के, म्हणजे महिन्याला हातात ३,२००. भाडं १,३००, वीज-हीटिंग-इंटरनेट २५०, पाळणाघर ६००, प्रवास १५०, औषधपाणी १००, किराणा ५००. उरले ३००. 'ब' शहरात पगार निम्मा, ३०,०००, कपात १८ टक्के, म्हणजे हातात २,०५०. भाडं ५००, वीज वगैरे ८०, पाळणाघर १५०, प्रवास १२०, आरोग्य विमा १५०, किराणा ३५०. उरले ७००. निम्म्या पगारात दुपटीहून जास्त शिल्लक! मूल मोठं होऊन पाळणाघर सुटलं की 'अ'मध्ये ९०० उरतात आणि 'ब'मध्ये ८५०, पारडं फिरतं. म्हणून हाच तक्ता आजचा, तीन वर्षांनंतरचा आणि सात वर्षांनंतरचा असा तीनदा भरा.

पुढच्या वर्षांचे तक्ते भरताना मुदतीच्या सवलती आठवणीने काढून टाका. नेदरलँड्समध्ये बाहेरून आलेल्या पात्र कर्मचाऱ्यांना पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळू शकतो, पण जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे. सवलत संपली की पगार तोच राहतो, हातात येणारी रक्कम घटते.

भाड्याचा आकडा तसाच उचलणं

दोन संकेतस्थळांवर एकाच शहराचं भाडं फार वेगळं दिसलं, तर आधी त्यात काय काय धरलंय ते तपासा. जर्मनीत जाहिरातीत 'काल्टमीटं' लिहिलेलं असतं, म्हणजे हीटिंग आणि इतर सामायिक खर्च सोडून. ते धरल्यावर होतं 'वार्ममीटं'. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. डिपॉझिट कायद्याने काल्टमीटंच्या तीन पटींपर्यंत घेता येतं, आणि कित्येक घरांत स्वयंपाकघराचा ओटा-कपाटंही नसतात, ती आपण बसवायची. असे सुरुवातीचे खर्च मासिक तक्त्यात दिसत नाहीत. त्यांची वेगळी यादी करून ती रक्कम हाताशी ठेवा.

'तिथे उपचार फुकट आहेत' यावर विसंबणं

फुकट कोणाला आणि कधीपासून, हे विचारा. ब्रिटनचा व्हिसा सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा असेल, तर बहुतेक अर्जदारांना आरोग्य अधिभार पूर्ण मुदतीसाठी एकरकमी भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पाउंड आहे. चौघांच्या घरासाठी, अनेक वर्षांच्या व्हिसासाठी, हा आकडा मोठा होतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सरकारी योजना लागू व्हायला आलेला महिना संपून आणखी दोन महिने जावे लागतात. तेवढ्यापुरता खासगी विमा घ्या. अमेरिकेत नुसता हप्ता पाहू नका. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीने पैसे द्यायला लागण्याआधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, तीही विचारा आणि वर्षभरात तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं ती मर्यादाही.

फक्त नोकरी करणाऱ्याचं आयुष्य मोजणं

जोडीदाराला काम करता येईल का, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे. आमच्या मते तो पहिल्याच दिवशी विचारावा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, पण त्यावर कामाची सरसकट परवानगी नसते. मूळ एच-१बी धारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचली असेल तरच ती मागता येते. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना बहुतेक ठिकाणी परवाना नव्याने काढावा लागतो. मग तक्त्यात दुसरा पगार पहिली दोन वर्षं शून्यच धरा.

सुट्ट्यांचंही असंच. युरोपीय संघात वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा कायद्याने मिळते, अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यात अशी किमान रजाच नाही. वार्षिक पगाराला कामाचे तास अधिक जाण्यायेण्याचे तास, यांनी भागून पाहा.

उन्हाळ्यात पाहून येणं

पाहणीला जायचं तर सगळ्यात वाईट ऋतूत जा. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, ठरवलेल्या वस्तीतून ऑफिसपर्यंतचा प्रवास एकदा करून बघा.

परतीचा हिशेब न करणं

जर्मनीत वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी किमान पाच वर्षांची वर्गणी लागते, अमेरिकेत ४० क्रेडिट, म्हणजे सुमारे दहा वर्षं. त्याआधी परतलात, तर वर्गणी परत मिळते, पुढे मोजली जाते की बुडते, हे दोन देशांत सामाजिक सुरक्षा करार आहे का यावरही अवलंबून असतं. करार असेल आणि कंपनीच तात्पुरतं पाठवत असेल, तर मूळ देशातलं कव्हरेज प्रमाणपत्र, म्हणजे तुमची वर्गणी तिथेच भरली जातेय याचा दाखला, निघण्याआधी काढून घ्या. ते नसलं तर दोन्हीकडे वर्गणी कापली जाऊ शकते, आणि नंतर ती सोडवून घेण्यात महिने जातात.