हिमनदीत बांबू रोवून वितळ कशी मोजावी

हिमनदी वर्षभरात किती झिजली याचा अंदाज उपग्रह देतात, पण तो पडताळायला बर्फात रोवलेली काठीच लागते. लाहौल-स्पीतीतल्या छोटा शिगरी हिमनदीवर 2002 पासून अशीच मोजणी होते आहे.

काठी बांबूचीच घ्या. लोखंडी नळी उन्हात तापते, भोवतालचं बर्फ वितळवते आणि भोक रुंद होऊन डुलायला लागते. दोन-दोन मीटरचे पाच तुकडे तारेने जोडा. जोड ताठ नको. वरचा तुकडा पूर्ण उघडा पडला की आपसूक आडवा झाला पाहिजे, नाहीतर वारा अख्खी काठी हलवतो. प्रत्येक तुकड्यावर काठीचा नंबर आणि तुकड्याचा क्रम पक्क्या रंगाने लिहा. हे लिहिलेलं नसेल, तर एखादा तुकडा वाहून गेल्यावर नेमके किती उघडे पडले हे कळत नाही आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

भोक वाफेच्या ड्रिलने 10 मीटरपर्यंत पाडा. हिमनदीच्या खालच्या भागात बर्फ झपाट्याने जातं, तिथे उथळ काठी हंगाम संपण्याआधीच आडवी होते. ड्रिलसाठी प्रोपेन मिसळलेला गॅस न्या. नुसता ब्युटेन शून्याखाली पेटायला कुरकुर करतो. भोकात पाणी साचलं की बांबू तरंगून वर येतो. म्हणून तो तळाला टेकवून धरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उंची पुन्हा मोजा.

वाचन सप्टेंबरअखेर, नवा हिम पडण्याआधी घ्या. पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे काठीच्या बुडाशी फळी आडवी ठेवून तिच्यापासून मोजा. गेल्या वर्षी 1.20 मीटर उघडी होती आणि आता 3.65 आहे, तर 2.45 मीटर बर्फ गेलं. बर्फाची घनता 900 किलो प्रति घनमीटर धरली, तर ते 2.2 मीटर पाण्याइतकं होतं. काठी कललेली असेल तर उभ्यापासूनचा कोनही नोंदवा आणि लांबीला त्याच्या कोसाइनने गुणा. ताजा हिम असेल तर त्याची जाडी आणि घनता वेगळी मोजा; त्याला 900 लावलं की हिशेब साफ चुकतो.

काठी जुन्या जागी दिसली नाही, तर उताराच्या दिशेने शोधा. हिमनदी वाहते, काठी तिच्याबरोबर सरकते. म्हणून दर खेपेला जीपीएसची नोंद नव्याने घ्या. मात्र शोधताना दोर सोडू नका: भेगांवरचा हिमाचा पूल दुपारी मऊ पडतो.