हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका

"डॉक्टर, ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून महिनाभर बोटानंच घासतेय." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. आणि तोंड उघडून बघावं तर रक्त येतं नेमक्या त्याच जागी पिवळट थर साचलेला असतो. मावशींना मी आरशात तो दाखवते. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथला हा चिकट थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. त्यानेच हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. घासणं थांबवलं की थर वाढतो, काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. हेच कीटण. ते मग ब्रशने निघत नाही.

म्हणून रक्त येतं तिथे घासायचंच. मऊ ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका टेकवा आणि हलक्या हाताने, गोल गोल फिरवा. जोर लावू नका. कडक ब्रशने हिरडी मागे सरते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. एक-दोन आठवड्यांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर कीटण काढून घ्या. "साफ केले की दात हलायला लागतात" ही भीती मी रोज ऐकते. दात हलतात ते आधीच झिजलेल्या हाडामुळे. कीटण निघाल्यावर ते फक्त कळून येतं. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या, कारण हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना बिघडवतात.

मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ती तंबाखूच आहे. सकाळी बोटाने लावल्यावर बरं वाटतं ते दात स्वच्छ झाल्यामुळे नाही, तलफ भागल्यामुळे. म्हणून तर दिवसातून चार-चार वेळा लावावीशी वाटते. गालाच्या किंवा ओठाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर दुखत नसली तरी दाखवा. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

मुलांच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. सातवीतल्या मुलाची किडलेली दाढ बघून आई म्हणते, "दुधाचीच आहे ना, पडेल." पण ती कायमची असते! सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता ती गुपचूप उगवते, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आज रात्री मुलाला उजेडात बसवा आणि समोरच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मागे मोजत जा. सहावा दात दिसला तर तो कायमचा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. या दाढेच्या खाचा खोल असतात आणि ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, तेव्हा तुम्ही स्वतः घासून द्या.

रात्री झोपताना घासलंच पाहिजे, कारण झोपेत लाळ कमी होते. फ्लोराइडची पेस्ट थुंकून टाका, लगेच खळखळून चूळ भरू नका.

दाढ ठणकते म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवणारेही येतात. तिथली कातडी भाजून पांढरी पडलेली असते. गोळी पोटात घ्यायची असते, तीही तुम्हाला चालते ना ते विचारूनच. आणि आठवडाभर ठणकणारी दाढ एक दिवस आपोआप शांत झाली तर ती बरी झाली असं समजू नका. बऱ्याचदा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत राहतो. गालावर सूज आली, ताप आला तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.