बाटलीला पत्र्याचं झाकण दाबायचं मशीन घेताना

घरी आल्याची जिंजर बियर करून काचेच्या बाटलीत भरणार असाल तर मशीन घेण्याआधी बाटलीचं तोंड मोजा, आपल्याकडं बहुतेक 26 मिमीचंच झाकण लागतं पण काही परदेशी बाटल्यांना 29 चं लागतं. दोन दांड्यांचं हातातलं मशीन स्वस्त पडतं, दहा-वीस बाटल्यांना बास होतं, फक्त ते गळ्याच्या कड्याला धरून दाबतं, त्यामुळं कडं बारीक असलं की घसरतं नाहीतर गळाच तडकतो, माझ्या अशा दोन फुटल्या लातूरला. टेबलावर ठेवायचं स्टँडवालं असलं की बाटली खाली टेकलेली राहते, एका हातानं दांडा ओढायचा, मला तरी हेच पटलं, उंची कमीजास्त होते का तेवढं बघून घ्या. आटे असलेल्या तोंडाच्या बाटल्या भंगारातून आणूच नका, गॅस निघून जातो. दाबल्यावर झाकण बोटानं फिरवून बघायचं, फिरलं म्हणजे ढिलं. आणि मे महिन्यात आपल्या मराठवाड्यात भरलेल्या बाटल्या पत्र्याच्या खोलीत अजिबात ठेवू नका, आत आंबणं चालूच राहतं न् प्रेशरनं बाटली फुटते, गॅस धरला की सरळ फ्रीजमध्ये.